‘का’ नसलेली पुस्तिका

नव्या मोटारीबरोबर जी जाडजूड माहितीपुस्तिका मिळते, तिचे परीक्षण कोणी लिहीत नाही. कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, पाठ्यपुस्तकांवर तर वर्षभर वाद चालतात. पण डॅशबोर्डच्या खणात पडून असणारी ही पुस्तिका वाचून माणसे तापलेल्या द्रवाच्या टाकीशी हात घालतात, आणि न वाचताही घालतात. विज्ञानाचे लेखन म्हणून तिच्याकडे पाहिले तर ती कितपत उतरते, हे तपासावे असे आम्हांला वाटले. त्यासाठी आम्ही तिच्यातले एकच प्रकरण निवडले आहे: हायब्रिड मोटारीच्या रेडिएटरची आणि शीतनव्यवस्थेची देखभाल. नमुना म्हणून टोयोटा कंपनीची ‘प्रियस’ ही गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. मोठ्या संख्येने तयार झालेली ही पहिली हायब्रिड मोटार. जपानात ती १९९७ च्या डिसेंबरात विक्रीला आली आणि भारतात २०१० मध्ये. आपल्याकडे तिचा खप बेताचाच झाला. पण २०२२ पासून मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर, होंडाची सिटी अशा हायब्रिड गाड्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. तेव्हा हा विषय आता परका राहिलेला नाही.

पुस्तिकेच्या जोडीला आणखी एक मजकूर तपासायचा आहे. तो एका वाक्याचा आहे आणि शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे: ‘पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त असल्यामुळे मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी वापरतात.’ ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नाखाली हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले आहे. पुस्तिका काय करायचे ते सांगते पण का ते सांगत नाही. शाळेतले वाक्य का ते सांगते, पण गाडीत खरोखर काय असते याची चौकशी करीत नाही. दोन्ही मजकूर एकाच रेडिएटरविषयी आहेत, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही.

आधी शाळेतले वाक्य घेऊ. ते खोटे नाही. पाण्याची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंशाला ४.१८ किलोज्यूल आहे, आणि सहज मिळणाऱ्या द्रवांत ती सर्वांत मोठी आहे. पण आजच्या कोणत्याही मोटारीच्या शीतकात साधारण निम्मे एथिलीन ग्लायकॉल असते. ग्लायकॉलची विशिष्ट उष्णता २.४ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ निम्मी. दोन्ही सारखी मिसळली तर मिश्रणाची ३.४ च्या घरात येते. एखाद्या चौकस मुलीने उभे राहून विचारावे, ‘सर, विशिष्ट उष्णता जास्त म्हणून पाणी घेतले, मग ती कमी करणारा पदार्थ त्यात का ओतला?’ या प्रश्नाला त्या वाक्याजवळ उत्तर नाही.

उत्तरासाठी थोडे गणित करावे लागते. समजा, इंजिनाकडून रेडिएटरला २० किलोवॅट उष्णता न्यायची आहे आणि रेडिएटरमधून जाताना शीतक ८ अंशांनी थंड होते. शुद्ध पाणी असेल तर दर सेकंदाला २० भागिले (४.१८ × ८), म्हणजे ०.६ किलोग्रॅम पाणी फिरवावे लागेल. मिश्रण असेल तर ०.७४ किलोग्रॅम. सुमारे एकपंचमांश जास्त फिरवले की काम भागते. ते पंप करू शकतो. उरलेल्या गोष्टी मात्र पंपाच्या हातात नाहीत. मिश्रण साध्या वातावरणीय दाबाला १०० ऐवजी १०७ अंशांच्या आसपास उकळते, उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि त्यातल्या गंजरोधक क्षारांमुळे ॲल्युमिनियम खाल्ले जात नाही. अभियंत्याने विशिष्ट उष्णतेत थोडा तोटा पत्करून या तीन गोष्टी पदरात पाडून घेतल्या आहेत. शाळेतल्या वाक्यात सौदा दिसत नाही, केवळ एक गुणधर्म दिसतो. उपयोजित विज्ञानाविषयी मुलांचा जो गैरसमज होतो, तो येथेच सुरू होतो असे आमचे मत आहे.

आता पुस्तिका. प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या वाचनात ती शाळेतल्या वाक्यापेक्षा चांगले विज्ञान वाटते. तिच्यात मोघम असे काही नाही. इंजिन थंड असताना पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का ते पाहा. इंजिनाची टाकी वेगळी आणि इन्व्हर्टरची वेगळी, दोन्ही पाहा. शीतक अमुक प्रकारचेच घाला. पातळी पुन्हा लवकर उतरली तर नळ्या, झाकण, पंप तपासून घ्या. रेडिएटरच्या पुढे अडकलेली पाने-कचरा काढा. तापलेले झाकण उघडू नका. प्रत्येक वाक्य पारखून घेतलेले आहे. एका चौकटीत तर असेही म्हटले आहे की शीतक म्हणजे नुसते पाणी नव्हे आणि नुसते गोठणरोधकही नव्हे. वंगण, गंजापासून रक्षण आणि शीतन या तिन्हींसाठी योग्य मिश्रणच हवे. साऱ्या प्रकरणात ‘का’ असलेले ठळक वाक्य हे एवढेच, आणि ते बसवले आहे इशाऱ्याच्या बारीक टाइपात. आम्ही संपादक असतो तर प्रकरणाची सुरुवात त्याच वाक्याने केली असती.

‘इंजिन थंड असताना पाहा’ ही सूचना घ्या. कारण न सांगितल्यामुळे बहुतेक लोक ती भाजण्याच्या भीतीशी जोडतात. भीती योग्यच आहे, पण दुसरे कारण मोजमापाचे आहे. सुमारे सात लिटर मिश्रण ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले की प्रसरणाने पाव लिटरच्या आसपास वाढते, आणि ती वाढ टाकीत चढते. गरम इंजिनाची पातळी पाहून ‘भरपूर आहे’ असे म्हणणारा मालक प्रत्यक्षात कमी शीतकाची गाडी चालवीत असू शकतो. द्रवांचे प्रसरण शिकवताना हे उदाहरण आयतेच हाती आहे. बाटलीतली रंगीत पाण्याची नळी सोडून ते कोणी घेत नाही.

झाकणाच्या इशाऱ्याचेही तसेच. रेडिएटरचे झाकण हे झाकण नसून स्प्रिंगची झडप आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण जास्त होईपर्यंत ती उघडत नाही. आपल्या स्वयंपाकघरातला कुकरही एवढ्याच वाढीव दाबावर शिट्टी देतो. एवढ्या दाबाखाली पाणी १२० अंशांना आणि मिश्रण १२५ अंशांच्याही पुढे उकळते. म्हणजे ११५ अंशांचे शीतक आत शांतपणे द्रवरूपात असते. झाकण काढले की दाब क्षणात उतरतो, आणि त्या तापमानाला द्रव राहण्याचा त्याचा अधिकार संपतो. सोपेपणासाठी पाणीच धरू. एक किलोग्रॅम पाणी ११५ वरून १०० अंशांवर येताना सुमारे ६३ किलोज्यूल उष्णता सोडते. बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता दर किलोग्रॅमला सुमारे २२५७ किलोज्यूल. म्हणजे जवळजवळ २८ ग्रॅम पाण्याची वाफ होते. या वाफेचे आकारमान भरते ४५ लिटरांवर! ही वाफ उरलेले पाणी घेऊन बाहेर उसळते आणि वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जाते. शिट्टी होत असलेल्या कुकरचे झाकण कोणी गृहिणी ओढून काढीत नाही. तिला कुकर समजलेला असतो. रेडिएटरचे झाकण मात्र माणसे फडके धरून काढतात, कारण त्यांना फक्त मनाई कळवलेली असते. नुसत्या मनाईचे वजन माणूस घाईत असला की कमी होते, आणि गाडी तापते तेव्हा माणूस घाईतच असतो.

येथवरची टीका कोणत्याही मोटारीच्या पुस्तिकेला लागू आहे. हायब्रिडची गोष्ट पुढे सुरू होते, आणि पुस्तिका जास्त तोकडी पडते तीही तेथेच.

हायब्रिड गाडी शांत असते, सिग्नलला तिचे इंजिन बंद पडते, म्हणून ती ‘तापत नाही’ असे पुष्कळ लोक धरून चालतात. खरी गोष्ट अशी की तिला थंड ठेवण्याच्या जागा वाढलेल्या असतात. इंजिन तर आहेच. शिवाय बॅटरीतला दिष्ट प्रवाह मोटारीसाठी प्रत्यावर्ती करणारा इन्व्हर्टर आहे, आणि बॅटरीही आहे. इंजिनाचे शीतक ८० ते ९० अंशांच्या पुढे-मागे ठेवलेले बरे असते. त्याहून थंड इंजिन इंधन वाया घालवते. इन्व्हर्टरमधल्या सिलिकॉनच्या अर्धवाहक घटकांना इतके गरम शीतक चालत नाही. त्यांच्या आतला भाग शीतकापेक्षा पुष्कळ तापलेला असतो, म्हणून शीतक ६५ अंशांच्या खाली राहिलेले हवे असते. एकाच गाडीत एका द्रवाला गरम राहायचे आहे आणि दुसऱ्याला कोमट. म्हणून प्रियसमध्ये दोन स्वतंत्र वर्तुळे आहेत: दोन टाक्या, दोन पंप. पुस्तिका दोन टाक्यांची चित्रे देते. दोन का, याविषयी एक ओळही नाही.

आणि हे समजले नाही तर वैदर्भीय उन्हाळा समजत नाही. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे मुख्यतः शीतक आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. न्यूटनचा शीतनाचा नियम तो हाच. हवा २५ अंश असताना ९० अंशांच्या इंजिनवर्तुळाला ६५ अंशांचा फरक मिळतो आणि ६५ अंशांच्या इन्व्हर्टरवर्तुळाला ४० चा. आता चंद्रपूरचा मे महिना घ्या, हवा ४५ अंश. इंजिनाचा फरक ६५ वरून ४५ वर आला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी गेला. इन्व्हर्टरचा ४० वरून २० वर आला, थेट निम्मा! त्याच रेडिएटरच्या पात्यांमध्ये चिखल, किडे आणि सावरीचा कापूस भरलेला असेल तर उरलेला निम्माही पुरता मिळत नाही. गाडी मग स्वतःच ताकद कमी करते आणि चालकाला वाटते बॅटरी गेली. पाने-कचरा काढा ही पुस्तिकेतली साधी वाटणारी ओळ आपल्या हवेत किती मोलाची आहे, ते या चार आकड्यांवरून कळते. नववी-दहावीची मुले ते स्वतः काढू शकतात.

पुस्तिका थंड देशांच्या हिशेबाने लिहिलेली आहे याची आणखी एक खूण आहे. मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत संरक्षण देते, हा आकडा आमच्या पाहण्यातल्या पुस्तिकांत आहे. ते किती अंशांना उकळते, हा आकडा नाही. नागपूरच्या मालकाने उणे ३५ वाचून काय निष्कर्ष काढावा? येथे बर्फ पडत नाही, तेव्हा हे महागडे द्रव्य आपल्यासाठी नाही. साधे पाणी चालेल. कोपऱ्यावरचा गॅरेजवालाही तेच सांगतो. पूर्वी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून फियाटी आणि अँबॅसडर उभ्या असत, क्लीनर डबा घेऊन पाणी आणायला धावे. त्या काळापासून रेडिएटर म्हणजे पाणी हे समीकरण पक्के आहे. त्या काळचे रेडिएटर तांब्या-पितळेचे आणि इंजिने ओतीव लोखंडाची होती. आजचे रेडिएटर, इंजिन आणि इन्व्हर्टरचा थंड पाट हे सारे ॲल्युमिनियमचे. आपल्या बोअरवेलचे जड पाणी त्यात ओतले की क्लोराइड ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा जागोजाग भेदतात आणि बारीक खड्डे पाडतात. कॅल्शियम तर शीतकातल्या फॉस्फेटशी संयोग पावून खाली बसतो, म्हणजे गंजरोधक खर्ची पडतो आणि वर पातळ नळ्यांत थर धरतो. रासायनिक विक्रिया सातवी-आठवीच्या आहेत. परिणाम इन्व्हर्टरच्या किमतीइतका आहे, आणि इन्व्हर्टर ही हायब्रिड गाडीतल्या सर्वांत महाग वस्तूंपैकी एक आहे.

गंमत म्हणजे साध्या पाण्याची मनाई करणारी हीच पुस्तिका, गाडी तापल्यास काय करावे या दुसऱ्या प्रकरणात, शीतक नसेल तर आणीबाणीला पाणी चालेल असे सांगते. दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला हा विरोध खटकला पाहिजे. विरोध खरा नाही. दोन संकटांचे वेग वेगळे आहेत. शीतकाविना इंजिन काही मिनिटांत वाकते, तर गंजाला महिने लागतात. म्हणून आज पाणी घालून घरी यावे आणि लगेच ते काढून योग्य मिश्रण भरावे. हे दुसरे अर्धे वाक्य नसल्यामुळे पाणी घातलेल्या गाड्या वर्षानुवर्षे तशाच चालतात. पहिल्या प्रकरणातली आज्ञा आणि दुसऱ्यातली सवलत यांना जोडणारे कारण दिले असते तर दोन्ही लक्षात राहिल्या असत्या. (इंजिन निवल्याशिवाय गार पाणी ओतू नये, हे मात्र पुस्तिका नीट सांगते. तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतून पाहिलेल्यांना कारण सांगायला नको.)

वेळापत्रकाकडे वळू. अमेरिकेतल्या प्रियसच्या वेळापत्रकात इंजिनाचे शीतक पहिल्यांदा १ लाख मैलांनी आणि नंतर दर ५० हजार मैलांनी बदलायला सांगितले आहे; इन्व्हर्टरचे पहिल्यांदा दीड लाख मैलांनी आणि नंतर दर ५० हजारांनी. द्रव तोच, बाटली तीच, मग मुदती वेगळ्या का? आणि दुसरी खेप पहिलीपेक्षा लवकर का? पुस्तिका गप्प आहे. आमचा तर्क असा: गंजरोधकांचा क्षय ही रासायनिक क्रिया आहे आणि तापमान वाढले की तिचा वेग झपाट्याने वाढतो, म्हणून कोमट वर्तुळातले द्रव्य जास्त टिकते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे दिसते की सारे जुने द्रव्य कधीच बाहेर येत नाही. कानाकोपऱ्यांत ते उरतेच, आणि नवे द्रव्य पहिल्या दिवसापासून थोडे शिळे असते. हा आमचा तर्क आहे, कंपनीचा शब्द नव्हे. पण वेळापत्रकात नियम असावा आणि नियमामागची कल्पना वाचणाऱ्याने अंदाजाने काढावी, ही विज्ञानाच्या लेखनाची रीत नाही.

शीतकाच्या निवडीविषयीचे वाक्य हा तर भाषेचा नमुना आहे. सिलिकेट नसलेले, अमाइन नसलेले, नायट्राइट नसलेले, बोरेट नसलेले, एथिलीन ग्लायकॉलवर आधारलेले आणि ‘हायब्रिड’ सेंद्रिय आम्ल पद्धतीचे, दीर्घायुषी शीतक वापरावे असा तो आदेश आहे. त्यातला ‘हायब्रिड’ हा शब्द वाचून कोणालाही वाटेल की हे हायब्रिड गाडीचे खास शीतक. तसे नाही. सेंद्रिय आम्ले आणि फॉस्फेटासारखे असेंद्रिय क्षार असे दोन जातींचे गंजरोधक एकत्र केले म्हणून ते हायब्रिड. साध्या पेट्रोल गाडीतही हेच चालते. एकाच पुस्तकात एक शब्द दोन अर्थांनी वापरायचा आणि खुलासा करायचा नाही, याला शाळेच्या निबंधातही गुण कापतात. द्रव्य गुलाबी आहे, म्हणून दुकानदार रंगावरून बाटली काढून देतो. रंग हा वरून घातलेला असतो. तो कोणत्याही रासायनिक जातीची खात्री देत नाही. बाजारात गुलाबी, लाल, हिरवी शीतके आहेत आणि दोन निराळ्या जाती एकाच रंगात सापडतात. लेबलावरचे रसायन वाचावे, रंग नव्हे. आणि बाटलीतले द्रव्य आधीच निम्मे पाणी मिसळलेले असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. हे पुस्तिकेत आहे, पण जेथे बाटली हातात असते तेथे पुस्तिका नसते.

पंपाचा विषय थोडा सविस्तर घ्यायला हवा. जुन्या गाडीत पट्ट्यावर चालणारा पंप इंजिनाच्या तालावर फिरे. इंजिन चालू तर पंप चालू, एवढे ज्ञान पुरत असे. इन्व्हर्टरला इंजिन बंद असतानाही शीतन लागते, कारण गाडी तेव्हा विजेवर धावत असते. म्हणून त्याचा पंप विजेचा. २००९ च्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तर इंजिनाचा पंपही विजेचा झाला आणि पट्टे संपले. विजेचा पंप आवाज करीत नाही, आणि बंद पडला तरी आवाज होत नाही. हा धोका कल्पनेतला नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात टोयोटाने जगभरातल्या ज्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्यांतल्या काही हायब्रिड गाड्यांचे कारण इन्व्हर्टरच्या पाण्याचा विद्युत पंप हेच होते. अनुभवी कारागीर एक साधी परीक्षा करतात. गाडी निघायच्या तयारीत ठेवून इन्व्हर्टरच्या टाकीत डोकावतात. पंप चालू असेल तर द्रवाच्या पृष्ठावर हालचाल दिसते, पृष्ठ तळ्यासारखे स्थिर असेल तर शंका घ्यावी. वर्तुळात हवा अडकली असेल तर बुडबुडेही तेथेच दिसतात. शीतक बदलल्यावर हवा नीट काढली नाही तर टाकी भरलेली दिसते आणि आत मात्र पोकळ्या राहतात. हवेची उष्णता वाहण्याची ताकद द्रवाच्या मानाने नगण्य, तेव्हा ती पोकळी ज्या घटकावर बसते तो घटक भाजतो. अशी डोळ्यांनी करता येणारी, उपकरण न लागणारी तपासणी पुस्तिकेत असायला हवी होती. तिच्या जागी अधिकृत दुकानात जा असा सल्ला आहे.

ही तपासणी मुलांना दाखवताना शिक्षकांनी एक पथ्य पाळावेच. हायब्रिड गाडी तयारीच्या स्थितीत असताना इंजिन केव्हाही आपोआप सुरू होते आणि पंखा तर त्याहून अनपेक्षितपणे. बॉनेटखाली हात, ओढणी, टाय काहीही नको; पाहायचे ते लांबून. नारिंगी रंगाच्या केबली उच्च दाबाच्या विजेच्या आहेत, त्यांना शिवायचे नाही. पाहणे सोडून दुसरे काही करायचे असेल तर आधी गाडी पूर्ण बंद करावी.

दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये, उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांत, एक फार सुरेख वस्तू होती. गाडीत चक्क थर्मास बसवला होता! इंजिनाचे सुमारे तीन लिटर गरम शीतक तो निर्वात भिंतींच्या टाकीत साठवी आणि ते तीन दिवसांपर्यंत गरम राही. सकाळी गाडी सुरू करण्याआधी छोटा पंप ते इंजिनात सोडी. थंड इंजिनाचा धूर सर्वांत घाणेरडा असतो. तो कमी करण्यासाठी ही तजवीज. जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी केलेले भांडे शंभराहून अधिक वर्षांनी मोटारीत शिरले, यापेक्षा चांगला धडा उष्णतेच्या प्रकरणाला कोणता मिळणार? देखभालीच्या दृष्टीने मात्र हा थर्मास सापळा होता. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे शीतक थंडच असणार असे समजून कारागीर ते काढायला बसे, आणि टाकीत कालचे कढत शीतक शिल्लक असे. पंप अचानक चालू झाला तर ते अंगावर उडे. म्हणून त्या पंपाची तार आधी सोडवायची असा दंडक होता. थंड गाडी म्हणजे थंड द्रव, हा शंभर वर्षांचा अनुभव त्या एका टाकीने खोटा पाडला. पुढच्या पिढीत ती गेली आणि धुराड्याच्या उष्णतेवर शीतक तापवण्याची योजना आली.

बॅटरीविषयी थोडक्यात. प्रियसची बॅटरी गाडीतल्याच हवेने थंड होते. मागच्या आसनाशेजारी हवा ओढणारी जाळी असते. तिच्यावर बॅग, उशी, शाल ठेवली की बॅटरीचा श्वास कोंडतो. या बाबतीत पुस्तिका स्पष्ट आहे आणि कारणही देते, याची नोंद करणे न्यायाचे आहे.

आता खुद्द नावाकडे. रेडिएटर म्हणजे प्रारणाने उष्णता टाकणारा. मुले नावावरून तसेच लिहितात आणि परीक्षक गुण देतात. ९० अंशांचा पृष्ठभाग ४२ अंशांच्या परिसराला प्रारणाने किती उष्णता देईल? स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमाने, पृष्ठभाग पूर्ण काळा धरला तरी, दर चौरस मीटरला सुमारे ४२५ वॅट. पाती एकमेकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे बाहेर जाते ती फक्त पुढच्या आणि मागच्या तोंडाची उष्णता. तोंड ०.३ चौरस मीटरचे धरले तर दोन्ही मिळून अडीचशे वॅटच्या आसपास. टाकायची आहे २० किलोवॅट. प्रारणाचा वाटा शेकडा एक-सव्वा! बाकी सारे काम पात्यांमधून वाहणाऱ्या हवेचे. म्हणूनच पाती स्वच्छ आणि सरळ हवीत, म्हणूनच पंखा हवा, आणि म्हणूनच जोराच्या फवाऱ्याने धुताना पाती वाकवून ठेवणारा सेवाकेंद्रातला पोरगा गाडीचे नुकसान करीत असतो. फवारा सौम्य असावा, दुरून आणि सरळ समोर धरावा. ‘अभिसारक’ किंवा तत्सम नाव या उपकरणाला आधीच पडले असते तर पुष्कळ चुकीची उत्तरे टळली असती, पण तो उशीर आता भरून निघणारा नाही.

पुस्तिका म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तिला वकील तपासतात, तिची अनेक भाषांत भाषांतरे होतात, आणि प्रत्येक कारण दिले तर ती विश्वकोशाइतकी होईल. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी पटत नाही. वर आम्ही जी कारणे दिली, त्यांतले प्रत्येक कारण एका वाक्यात मावते: पातळी थंडीत पाहा, कारण द्रव फुगतो, झाकण काढू नका, कारण आत कुकर आहे, दोन टाक्या आहेत, कारण इंजिनाला गरम आणि इन्व्हर्टरला कोमट द्रव लागतो. मनाईचे त्रिकोण कमी केले तर एवढी जागा सहज निघेल. आमचा रोख त्यामागच्या गृहीतकावर आहे. वाचणाऱ्याने फक्त ऐकावे, समजू नये, असे पुस्तिका धरते. आणि शाळेतले वाक्य धरते की त्याने फक्त समजावे, गाडीजवळ जाऊ नये. पुस्तिका इंग्रजीत असली की हे अंतर आणखी वाढते. आमच्या हाती आलेल्या तिन्ही पुस्तिका इंग्रजीतच होत्या. शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते: गावात कोणाकडे अशी गाडी असेल तर तिच्या पुस्तिकेतले हे प्रकरण वर्गात आणावे, मुलांनी त्याचे मराठी करावे आणि प्रत्येक सूचनेपुढे ‘कारण’ असे लिहून रिकामी जागा भरावी. काही जागा शिक्षकांनाही भरता येणार नाहीत. तेवढ्यांसाठी गॅरेजवाल्याला शाळेत बोलवावे.

एक जागा मात्र दोन्ही मजकुरांत रिकामी आहे. काढलेल्या जुन्या शीतकाचे काय करायचे? सांडलेले शीतक पाण्याने धुवावे, नाहीतर रंग आणि भाग खराब होतील, एवढी काळजी पुस्तिका घेते. गॅरेजमध्ये ते बहुधा गटारात जाते किंवा उघड्या घमेल्यात पडून राहते. एथिलीन ग्लायकॉल गोड लागते. कुत्री ते चाटतात, लहान मुलेही तोंडाला लावतात. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते, त्याचे कॅल्शियम क्षार स्फटिकरूपात मूत्रपिंडात साठतात, आणि सुमारे शंभर मिलिलिटर प्रौढ माणसाचाही जीव घेऊ शकते. म्हणून काढलेले शीतक घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘विष’ असे लिहावे, आणि तो डबा वापरलेली तेले व रसायने परत घेणाऱ्या सेवाकेंद्राकडे द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये. गुलाबी रंगाचे ते द्रव्य अगदी सरबतासारखे दिसते.